जमिनीकडे वळलेली तोफ

४ एप्रिल १९४४
फ्रान्समधल्या ब्रिटनीचा किनारा. रशियातल्या चिखलानंतर हे म्हणजे माहेरपणच! लोणी, अंडी, सफरचंदाची दारू, आणि जन्मात पहिल्यांदा समुद्र. आमची तोफ फ्रेंच आहे. चाळीस साली आपल्या जर्मन सैन्याने ती जिंकली आणि इथे टेकडीवर, गोल खड्ड्यात, समुद्राकडे तोंड करून बसवली. तिच्यावरची फ्रेंच अक्षरं आपल्या रंगाखालूनही वाचता येतात. हवालदार हांके म्हणाला, "डोलिंग, बाईसाहेब फ्रेंच आहेत बरं का. गोडीगुलाबीने घे, नाहीतर रुसतील."

१२ एप्रिल
सकाळी धुकं विरलं आणि पाहतो तर तोफेचं तोंड जमिनीकडे, थेट आमच्या झोपायच्या बराकीकडे! पहाऱ्यावर मीच होतो. लेफ्टनंट ब्राख्ट उखडले. ही कुणाची दारूतली थट्टा, म्हणून विचारू लागले. पण तिला फिरवायला अख्खी तुकडी लागते. कुणी आलं नव्हतं, असं मी शपथेवर सांगितलं. हांकेने मला नंतर बाजूला घेतलं. माझ्या आधीचा पहारेकरी हेच सांगत होता म्हणे. त्याची रवानगी रशियाला झाली.

२० एप्रिल
पुन्हा वळली. साखळदंडाने बांधली होती. कड्या कुणी कापलेल्या नाहीत, ताणून तुटल्यात. साहेबांनी या वेळी कुणाला बोल लावला नाही. तोफेभोवती काँक्रीटची खोली बांधायचा हुकूम दिला.

१९ मे
खोली तयार. तिन्ही बाजूंनी आणि वरून जाड काँक्रीट, समुद्राकडे तेवढं भोक, त्यातून नळी बाहेर. मागे एकच लोखंडी दार. हांके खूश. "आता वळव म्हणावं मान!" बॉम्बच्या भीतीने आम्हीही आता तिच्यामागेच झोपतो. मला मात्र ते दार लावलेलं आवडत नाही.

२८ मे
विमानं आली. दरड कोसळून भोक बुजलं, दारावर ढिगारा. आत मी आणि हांके दोघेच, बाकीचे बाहेर होते. टेलिफोन मुका. कंदील आहे, पाणी थोडं. हांके म्हणतो, साहेब आपल्याला सोडणार नाहीत, खणून काढतील.

नंतर
काहीतरी घासल्याचा आवाज. कंदील वर धरला. नळी आत आलीय. भिंतीवर खोल ओरखडा – इथे वळायला जागाच नाही – तरी वळतेय.

२९ मे
हांकेने तोफेचं मागचं झाकण उघडलं. आत गोळा. आम्ही भरला नव्हता. काढायला त्याने हात घातला आणि झाकण –

आता तो ओरडत नाही. माझा कोट त्याच्या अंगावर घातला.

फावडी! दारापलीकडे फावडी! ब्राख्टसाहेबांचा आवाज. "डोलिंग, धीर धर रे! आलोच आम्ही!" रडलो.

तोफ परत वळतेय. भिंतीला चिकटून बसलोय. नळी माझ्यावर थांबली नाही. पुढे गेली – दाराकडे.

दूर व्हा म्हणून ओरडतोय, मुठी आपटतोय. त्यांना वाटतं, मी घाबरलोय. आणखी जोरात खणतायत. दाराखाली उजेडाची फट. हे पान तिथून सरकवतो.

साहेब, उघडू नका. मला इथेच राहू द्या. सगळ्यांना बाजूला घ्या, दाराला हात –