तासभर बोलायचं नाही

मंगळवार, ९ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. असं लिहायची सवय आहे म्हणून लिहिलं. आईचे गुडघे तसेच. बाबांनी यंदा आपल्याच घराला रंग द्यायला घेतला, एक भिंत झाली आणि शिडी तशीच उभी आहे. आई त्या शिडीवर टॉवेल वाळत घालते.

तुझा नवा नंबर माझ्याकडे नाही. माझ्या पदवीच्या वेळी तू कार्ड पाठवलंस, त्या पाकिटावरचा पत्ता आहे. तू अजून तिथेच असशील असं धरून चालते.

माझ्या नोकरीबद्दल तू कार्डात विचारलं होतंस. मी स्कॅन विभागात तंत्रज्ञ आहे. आम्ही पेशंटला किरणोत्सारी साखरेचं इंजेक्शन देतो. त्यातून पॉझिट्रॉन निघतो, म्हणजे इलेक्ट्रॉनचा उलटा जोडीदार. जेमतेम मिलिमीटरभर जातो, त्याला इलेक्ट्रॉन भेटतो आणि दोघंही नाहीसे होतात. त्यांच्या जागी दोन किरण उरतात, एकमेकांच्या बरोबर विरुद्ध दिशेला जाणारे. प्रत्येकाची ऊर्जा पाचशे अकरा हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट. कोणाच्याही शरीरात तेवढीच. वर्गात हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. घरी येऊन बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "म्हणजे दोघं भेटले की संपले. मग भेटतात कशाला?"

यंत्राला दोन्ही किरण एकाच क्षणी लागतात. एकटा किरण आला तर यंत्र तो मोजत नाही. अशा लाखो जोड्यांवरून कळतं, साखर शरीरात कुठे जास्त खर्च होते आहे. गाठ असली की तिथे जास्त.

गेल्या गुरुवारी बाबा आले होते. पेशंट म्हणून.

माझी सहकारी म्हणाली, "तू बाजूला हो, मी करते." मी म्हटलं, नको. इंजेक्शन मीच दिलं. त्यांच्या हाताला रंगाचा वास होता. मग नेहमीची सूचना दिली, "बाबा, आता तासभर पडून राहायचं. हलायचं नाही, बोलायचं नाही. जो स्नायू काम करतो तो साखर खातो."

"मी कुणाशी बोलणार?" म्हणाले. "सात वर्षं घरात गप्पच आहे की."

मी बाहेर येऊन पडद्यावर बघत बसले. खोलीत कॅमेरा आहे, आवाज येत नाही. दहा मिनिटांनी त्यांचे ओठ हलायला लागले. थांबायचे, मान हलवायचे, पुन्हा सुरू. मी आत जाऊन त्यांना गप्प करायला हवं होतं. गेले नाही. ही माझी चूक, आणि ती मी विभागात सांगितली आहे.

स्कॅनमध्ये गळ्यात दोन ठिपके चमकले. डॉक्टरांनी विचारलं, "पेशंट बोलत होता का?" मी हो म्हटलं. त्यांनी तसं अहवालात लिहिलं, गळ्याची चिंता नाही.

घरी जाताना मी बाबांना विचारलं, "कुणाशी बोलत होतात?"

"कुणाशी नाही. तालीम करत होतो."

"कसली?"

"फोनची. पहिलं वाक्यच जमत नाही. कसा आहेस म्हटलं, तर म्हणेल, इतकी वर्षं कुठे होतात. जेवलास का म्हटलं, तर वाटेल म्हातारा भ्रमिष्ट झाला." मग म्हणाले, "त्याचा नंबर असेलच ना तुझ्याकडे."

मी हो म्हटलं.

दादा, बाकीचे ठिपके बोलण्याचे नव्हते. यकृतात चार. कण्यातले मोजायचे मी सोडून दिले. ते पडद्यावर उमटत होते तेव्हा मी पुढच्या पेशंटचं वजन लिहून घेतलं. साठ किलो. तेवढं नीट आठवतं. रडू अजून आलेलं नाही. रोज कामावर जाते, सूचना देते, लोक ऐकतात.

बाबांना आणि आईला काही माहीत नाही. डॉक्टर पुढच्या मंगळवारी सांगणार आहेत. त्याआधी फोन कर. घरचा नंबर तोच आहे, संध्याकाळी बाबा फोनजवळच्या खुर्चीत असतात. सात वर्षांपूर्वीच्या तुमच्या भांडणात कोण बरोबर होतं ते मी कधी ठरवलं नाही, आताही ठरवत नाही.

पहिलं वाक्य तू बोल. त्यांना अजून जमलेलं नाही.

तुझी
टिटवी