बाहेरच्या खोलीचा आडवा फोटो

तीर्थस्वरूप दादास,

तुझ्या धाकट्या बहिणीचा नमस्कार. (सरळ उभी राहून केलेला आहे. तुझ्याकडे आडवा पोचला तर दोष माझा नाही.) मान कशी आहे? माझे फोटो बघता बघता ती धरली, असं वहिनीने कळवलं. गरम पाण्याची पिशवी ठेव, आणि घर विकायची घाई निदान मान सुटेपर्यंत बाजूला ठेव. हे पत्र मुद्दाम टपालाने पाठवतेय. मेलवरचा माझा विश्वास उडालाय.

आता फोटोंचं पुराण. तू गिऱ्हाइकाला दाखवायला घराचे फोटो मागितलेस, मी काढून पाठवले, आणि तुझं एका ओळीचं उत्तर आलं की सगळं घर आडवं झालंय. माझ्या फोनवर तर सगळं ताठ उभं! शेवटी कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओवाल्याला गाठलं. (तोच, ज्याने तुझ्या लग्नात अख्ख्या वऱ्हाडाचे पाय कापले होते. फोटोत.) त्याचं म्हणणं, फोन उभा धरला तरी फोटो आत आडवाच साठतो, फक्त सोबत 'ही बाजू वर' अशी खूण असते, खोक्यावर असते तशी. ती खूण मेलमध्ये कुठेतरी गळते. उपाय म्हणजे फोटो उघडायचा, कडेचा केसभर भाग कापायचा आणि पुन्हा साठवायचा, की तो खरोखरच सरळ होतो. झालंही तसंच. स्वयंपाकघर सरळ झालं, न्हाणीघर सरळ झालं, गॅलरीतला मोडका पंखासुद्धा सरळ झाला. अडून बसली ती एकटी बाहेरची खोली.

ती मी कापली, फिरवली, पुन्हा काढली. स्टुडिओवाल्याने स्वतःच्या कॉम्प्युटरवर सरळ करून स्वतःच्या मेलने तुला पाठवली. तुझं उत्तर, 'आडवी.' तेव्हा त्याने माझा फोन दोन बोटांत धरून परत केला आणि विचारलं, "ताई, या खोलीत कोण असायचं?" मी म्हटलं, आई, अगदी शेवटपर्यंत. त्यावर तो भर दुपारी शटर ओढायला उठला. मी बिचाऱ्याला हसतच घरी आले.

घरी येऊन, तू पुरावा म्हणून परत धाडलेला तो आडवा फोटो बघत बसले. माझीही मान धरली, म्हणून आईच्या पलंगावर उजव्या कुशीला आडवी झाले. (पलंग अजून तिथेच आहे. हलवायला दोन माणसं लागतात आणि घरात मी एक.) फोन डोळ्यांसमोरून बाजूला केला आणि दादा, काय सांगू! समोर तोच फोटो होता. छत डावीकडे, जमीन उजवीकडे, मधोमध बाहेरचं दार. पडल्यावरच दिसते ती टेबलाची खालची बाजूसुद्धा फोटोतल्यासारखीच दिसत होती, आणि मी तर फोटो उभ्याने काढलेला! खुब्याचं हाड मोडल्यापासून आई याच कुशीवर पडून असायची. मला वाटायचं, ती नुसती शून्यात बघते. ती दार बघायची. जरा लोटलं की ओरडायची, "उघडं ठेव गं, त्याला बेल वाजवायचा कंटाळा आहे." तो म्हणजे कोण, हे तुला सांगायला नको. मला भयंकर राग यायचा. घास मी भरवायचे आणि वाट तुझी!

असो. वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पलंगाच्या या बाजूला बाकी सर्व क्षेम.

तुझी,
धाकटी

ता. क. घर विकायला माझी हरकत नाही, असं मी वर कुठेही लिहिलेलं नाही, नीट वाच. फोटो आता मी पाठवणार नाही. तू स्वतः ये. एकदा त्या पलंगावर उजव्या कुशीला पड. मग म्हणशील तिथे सही करते.

आणखी एक. फोटो काढताना बाहेरचं दार मी लावून घेतलं होतं, समोरच्यांच्या चपलांचा ढीग दिसू नये म्हणून. माझ्या फोनमध्ये ते बंदच आहे. तुझ्याकडून आलेल्या फोटोत मात्र सताड उघडं आहे. मेलवाल्यांचाच घोळ असणार. घाबरू नकोस, मी घाबरलेले नाही.

जाता जाता, आलास की बेल वाजवू नकोस. सकाळपासून दार लोटून बघतेय, ते लागत नाहीये.