मधली रिकामी खुर्ची

१६ डिसेंबर

आज नव्या जागेत पहिला चहा केला. कप शोधण्यातच अर्धा तास गेला, कारण घरातले कप आणि विकायचे कप एकाच खोक्यात आले होते. शेवटी विकायच्या कपातूनच प्यायलो. काठाला सोनेरी रेघ असली की चहाची ऐट काही वेगळीच! पुढे दुकान, मागे एक खोली, मध्ये निळा पडदा. सत्तरीनंतर माणसाला आणखी काय लागतं? शेजारी चावीवाला आहे, जिभेचा तिखट. सामान उतरवताना म्हणाला, काका, या जुन्या वस्तूंत तुम्ही सापडायचे नाहीत, गळ्यात एक चिठ्ठी अडकवून ठेवा. मी म्हटलं, अडकवतो, ‘विकणे नाही’ अशी.

चार वाजता लेकीचा फोन आला. रोज येतो. तिची आई गेल्यापासून तिचं एकच टुमणं आहे: बाबा, पुरे झालं दुकान, आमच्याकडे राहायला या. मी नेहमीची थाप मारली. एकटा कसला गं, इथे माणसांची नुसती वर्दळ असते. काय ते एक तारखेला सांगतो. फोन ठेवला तेव्हा दुकानात मी होतो आणि अठरा घड्याळं. त्यातली दोन चालू.

१९ डिसेंबर

एका बंद पडलेल्या घरातलं सामान एकगठ्ठा घेतलं होतं. त्यात चादरीत गुंडाळलेला मोठा फोटो निघाला. सात माणसं, चार बसलेली, तीन मागे उभी. बरोबर मधली कोरीव खुर्ची मात्र रिकामी. असल्या फोटोंना गिऱ्हाईक नसतं. माणसं काढून टाकायची आणि फ्रेम विकायची, ही आमच्या धंद्याची रीत. पाठीमागचे खिळे उपसायला घेतले, पण हात थांबला. रिकाम्या खुर्चीच्या उजवीकडे एक पोक्त बाई बसली आहे. ओठ मिटलेले, पण आत्ताच काहीतरी विचारून उत्तराची वाट पाहावी तशी नजर. फोटो आहे तसा भिंतीवर लावून टाकला.

२२ डिसेंबर

गोष्ट सांगितली की वस्तू हलते. चाळीस वर्षं मी गोष्टीच सांगत आलो. आज एका बाईंनी फोटोकडे बोट दाखवून विचारलं, हे कोण? तोंडातून निघून गेलं, आमच्याच घरचे. मग काय, गाडी सुटलीच. ही रिकाम्या खुर्चीशेजारची, माझी थोरली बहीण, अक्का. हा धाकटा भाऊ, माझ्या ताटातलं पळवायचा मेला. मागे उभी ती वहिनी, एक नंबरची कजाग. बाई पोट धरून हसल्या आणि दोन कप घेऊन गेल्या.

त्या गेल्यावर मी उगाचच मोठ्याने ‘अक्का’ म्हणून पाहिलं. मला भाऊ नाही, बहीण नाही. शब्द जिभेवर गोड लागला.

दुपारी काचेतून ऊन आत आलं तेव्हा शाळेतली पाखरांची कविता म्हणत बसलो. आमचे गुरुजी बाकावर बोटांनी ठेका धरायचे आणि आम्ही चाळीस पोरं एका सुरात. दुसऱ्या कडव्याची तिसरी ओळ साठ वर्षांत आठवलेली नाही. तिथेच अडतो.

२६ डिसेंबर

आज त्याच ओळीपाशी अडलो आणि मागून कुणीतरी ती सांगितली. हलक्या, बायकी आवाजात. वर्गात शेजारचं मूल हळूच सांगतं ना, तशी. ‘थांब पाखरा, मागुन सारे येती घरट्याकडे.’ हीच ती ओळ!

दुकानात कोणी नव्हतं. दार लोटलेलं होतं. मी घाबरायला हवं होतं. पण खरं लिहितो, मला बरं वाटलं. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच कुणी माझं अर्धवट बोलणं पुरं केलं.

२८ डिसेंबर

वर्ष सरत आलं. या वर्षी मी घर सोडलं. हिची शिवणाची पेटी विकली, दुसऱ्या दिवशी परत मागायला धावलो, तोवर ती पुढच्या हातात गेलेली. जन्मभर लोकांच्या आठवणी झाडूनपुसून मांडल्या आणि स्वतःची एक हातची घालवली.

तेव्हा ठरवलं. नव्या वर्षात थापा बंद. लेकीला सरळ सांगायचं, एकटेपणा खायला उठतो गं, मला घेऊन जा. दुकान आवरायचं. आणि ठमीला, म्हणजे नातीला, साऱ्या कविता शिकवायच्या. आता तर ओळीही पुऱ्या आहेत!

नवं वर्ष कशाला, आजपासूनच सुरुवात केली. अंघोळ करून दुकान उघडतो तोच एका गृहस्थांनी फोटोबद्दल विचारलं. मी म्हणालो, हे माझे कोणी नाहीत, फ्रेम हवी तर माणसं काढून देतो. ते गेल्यावर वळलो. काल सातही जण समोर पाहत होते. आज माझ्याकडे.

२९ डिसेंबर

लेक फोनवर भलतीच खुशीत. काल सकाळी मी अंघोळीला गेलो असताना तिचा फोन आत्याने उचलला म्हणे. बाबा, तुम्हाला सख्खी बहीण आहे आणि आम्हाला पत्ता नाही? किती मायेनं बोलते! तिने आग्रहाने बोलावलंय, एक तारखेला मी आणि ठमी येतोच.

काल अंघोळीहून आलो तेव्हा फोन हाताला गरम लागला होता. काल हे लिहिलं नाही.

३० डिसेंबर

फोटोत रिकाम्या खुर्चीशेजारी आणखी एक खुर्ची आहे. तिच्यापुढे एक स्टूल. लहान मुलाच्या उंचीचं.

लेकीला फोन केला. येऊ नका म्हणून ओरडलोच. ती हसली. म्हणाली, आत्या बोललीच होती, बाबा असंच म्हणतील.

चावीवाल्याला ओढत आणून फोटो दाखवला. तो म्हणाला, एवढं भरलेलं घर आणि काका, तोंड का असं पाडलंय? सकाळीच तुमच्या अक्का दाराची जादा किल्ली करून घेऊन गेल्या. पाहुण्यांकडे पाठवायची म्हणाल्या.

३१ डिसेंबर, सकाळ

खिळे उपसले. फोटो फ्रेम सोडत नाही. पाठीवर पेन्सिलने लिहिलंय. अक्का. धाकटा. वहिनी. बाकीचेही. शेवटी — मी. लेक. नात.

अक्षर माझं आहे.

शेवटचे दोन शब्द खोडले. पुन्हा उमटले. पुन्हा खोडले —

दुपार

नाती मीच लावली. त्यांनी ती धरून ठेवली. आधी एकच खुर्ची होती. मी परकं म्हटलं आणि जागा वाढल्या. म्हणजे मी बसलो तर —

मोठ्याने म्हणालो, अक्का, मी तुमचाच. पोरींना सोडा.

स्टूल फिकट झालं.

१ जानेवारी

कोरीव खुर्ची सकाळी दुकानाच्या मधोमध होती. बसलो.

लेकीची खुर्ची गेली. स्टूल गेलं. जमलं.

पाय लाकडाचे झालेत. दुकान आता काचेआडून, भिंतीवरून दिसतं. अक्काचा हात खांद्यावर. हलू नकोस म्हणते. वही मांडीवर राहू दे, शोभते म्हणते.

किल्ली फिरली. लेक. बाबा, बाबा करते आहे — माझ्यासमोरून गेली. पडदा सारून आत. पाहिलं नाही मला. बरंच झालं. शोधून दमेल, परत जाईल. दोघी सुखरूप —

ठमी समोर उभी आहे. वर बघते. आजोबा, म्हणाली. तिला दिसतो मी. केवढी उंच झाली —

बोट पुढे करते. ही अक्काआजी, म्हणते.

नको गं ठमे. कोणी नाहीत ते आपले. ऐक — आवाज फुटत नाही —

हे छोटे आजोबा. ही —

नाती लावू नकोस, बाळा, थाप होती ती माझी, नुसती थाप —

पायाशी काहीतरी लाकडी सरकत