विस्तव या घरातूनच निघेल

।। श्री गुरुदेव दत्त ।।

मी, दत्तात्रय केशव थोरबोले, वय एकोणपन्नास, मूळ राहणार मौजे हासेगाव, तालुका औसा, सध्या राहणार नीउ-व्हेनेप, हॉलंड, नोकरी बाडहूव्हडॉर्पच्या मालगोदामात, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कोणाच्या दबावाखाली नव्हे, उलट बऱ्याच जणांच्या सल्ल्याविरुद्ध, स्वहस्ते लिहून ठेवीत आहे. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयातली एक झडप बदलणार आहेत. मला भीती नाही. पण कागद केलेला बरा.

१. घर माझ्या आणि पत्नी सौ. शामला हिच्या नावे आहे. माझा हिस्सा आणि बँकेत असेल ते सर्व तिला मिळावे. तसा दस्त नोटरीकडे रीतसर झाला आहे. मी तिच्या मागून, तिच्या व्हिसावर या देशात आलो, आणि हे सांगताना मला कधी लाज वाटली नाही. गावाकडे ज्यांना वाटली, त्यांची लाज त्यांच्याकडेच राहो. त्या लाजेवर माझा हक्क नाही.

२. गावची जमीन धाकटा भाऊ ओमकार कसतो. ती त्याचीच.

३. दिवाणखान्यातला, घर गरम करायचा स्टोव्ह, जो लाकडाच्या भुशाच्या कांड्यांवर चालतो, तो धुराड्याला जोडलेला असल्यामुळे घराचाच भाग धरला जाईल, असे नोटरीबाई म्हणाल्या. म्हणजे तोही शामलेचा. मात्र माझे दहन होईपर्यंत तो कोणी काढू नये. कारण पाचव्या कलमात दिले आहे.

माझे मेहुणे श्रीनिवासराव आइंडहोव्हनला कॉम्प्युटरच्या चिप बनवणारी यंत्रे जुळवतात. स्टोव्हचा धूर ओढणारा पंखा गेला तेव्हा ते म्हणाले, "दाजी, भंगारात द्या. हीट पंप घ्या. जग कुठं चाललंय आणि तुम्ही भुसा जाळताय!" हे स्टोव्ह इथे आणून विकणारा आयातदार म्हणाला, हे मॉडेल बंद झाले, भाग येत नाहीत, नवा घ्या. माझी झडप निकामी व्हायला आली तेव्हा कोणत्याही डॉक्टरने शामलेला नवा नवरा घ्यायला सांगितले नाही. मग मी तरी का ऐकावे?

पंख्यावरच्या पट्टीवर इटलीतल्या कारखान्याचा नंबर होता. त्या नंबराचा पंखा पोलंडमधल्या एका दुकानात अगदी स्वस्तात मिळत होता, पण ते दुकान हॉलंडला माल पाठवीना. आमच्या गोदामातल्या पोलिश मुकादमाने माझ्यासाठी फोन केला. "जर्मनीपर्यंत येईल," तो म्हणाला, "पुढचं तुझा देव बघेल." मी सीमेपलीकडच्या एमरिखमधल्या पार्सलच्या दुकानाचा पत्ता दिला, आगगाडीने गेलो आणि खोके मांडीवर घेऊन परत आलो. शामला दारातच म्हणाली, "अहो, मला आणायला विमानतळावर कधी इतक्या हौसेनं आला नाहीत!" खरे आहे. तिला घरची वाट माहीत आहे, पंख्याला नव्हती.

४. याच मार्गाने मागवलेले जास्तीचे भाग, म्हणजे एक पंखा, एक पेटवणारा हीटर आणि स्टोव्हच्या दाराच्या फटीत बसवायची दोरी, जिन्याखालच्या खोक्यात आहेत. ते सुटे आहेत, म्हणून माझे आहेत, आणि मी ते श्रीनिवासरावांना देतो. चिपची यंत्रे जुळवणाऱ्याला चार स्क्रू जड नाहीत. मी जाईन त्या दिवशी स्टोव्ह पेटत नसेल, तर त्यांनी आधी भाग बदलावा, मग रडावे.

५. आमच्याकडे माणूस गेला की घरचा विस्तव मडक्यात घेऊन पुढे चालतात. वडिलांच्या वेळी मडके मी धरले होते. ज्या अग्नीजवळ माणूस राहिला, जेवला, त्यानेच त्याला न्यावे, एवढाच अर्थ मला कळतो. या घरात स्वयंपाक काचेच्या शेगडीवर होतो. तिच्यात विस्तव नाही. कापूर लावला तर छताला लावलेला धुराचा गजर बोंबलतो. घरातला अग्नी म्हणाल तर हा स्टोव्हच. थंडीभर जेवणाआधी भाताचे एक शीत मी त्यात टाकतो. आयातदाराच्या माणसाने ते पाहून "अन्न जाळले, वॉरंटी रद्द" असे लिहिले. लिहू दे. पंखा बेअरिंगमुळे गेला, शितामुळे नाही. काडेपेटीच्या विस्तवावर मी जाणार नाही.

दहनगृहातल्या बाईंना मी विचारून आलो आहे. तिथे मडके चालत नाही, काचेचा बंद कंदील चालतो. कांड्या लाल झाल्या की स्टोव्हचे दार उघडून त्यांवर कंदिलाची वात लावावी, दार लगेच बंद करावे.

आम्हाला मूल नाही. कंदील शामलेने धरावा. बायकोने विस्तव धरू नये असे ज्यांना वाटते त्यांनी येऊ नये. आलेच तर मागे चालावे. गाडी श्रीनिवासरावांनी चालवावी, हळू. त्यानंतर स्टोव्ह ठेवायचा की मोडायचा, ते शामलेने ठरवावे. मी आड येणार नाही.

वाटेत वात विझली तर काडी ओढू नये. गाडी वळवून घरी यावे आणि पुन्हा लावून न्यावी. लोक थांबतील. मला तर घाई नसेलच.

हे सर्व मी वाचून, समजून, खाली सही केली आहे. साक्षीदार लागत नाहीत असे नोटरीबाई म्हणाल्या, तरी मी घेतले. नंतर कोणी म्हणायला नको की दत्ता असे बोललाच नव्हता.

सही: द. के. थोरबोले

साक्षीदार:
१. गुरुनाथ हिप्परगे, शेजारी
२. मृणालिनी हिप्परगे, त्यांची पत्नी ("भाऊजी, सही करते, पण हा कागद मला बरीच वर्षं बघायचा नाहीये." तिच्या आग्रहावरून लिहिले.)

स्थळ: नीउ-व्हेनेप
दिनांक: ९ जानेवारी २०२५, गुरुवार