बुधवारच्या बायका

प्रिय चिमे,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी नुसतं ‘बरं’ म्हणून ठेवून दिला. तुला राग आला असणार. फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसले. आत्ताच कामावरून आलेय, हाताला अजून मेणाचा वास आहे. एका आजोबांची कवळी आज तिसऱ्यांदा परत आली. आमचे लॅबवाले म्हणाले, आजोबांना दात नकोत, गप्पा हव्यात. सगळे हसले. मला अलीकडे हसायलाही दम लागतो.

गेले आठ महिने दर बुधवारी चार वाजता मी शिवणाच्या क्लासला जाते, ही थाप होती. वाचनालयाच्या वर एक खोली आहे. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक किटली, कुरकुरणारा पंखा. तिथं आम्ही सात बायका बसतो. एक निवृत्त नर्स हे चालवतात, त्यांना सगळ्या सिस्टर म्हणतात. आम्हा सातही जणींशी लहानपणी ओळखीतल्या, घरातल्याच कुणीतरी नको ते केलेलं आहे. हो, माझ्याशीही. हे लिहायला मला अर्धा तास लागला. तूही जरा थांब, मग पुढं वाच.

पहिला महिनाभर मी फक्त चहा केला. कुणी खोदून विचारलं नाही. मग एकदा आमच्यातली शाळामास्तरीण म्हणाली, “दाताच्या डॉक्टरकडे मला खुर्चीत आडवं होताच येत नाही. कुणी वरून वाकलं की जीव गुदमरतो.” मला वेड्यासारखं हसूच फुटलं. बारा वर्षं मी लोकांचे दात घडवतेय आणि स्वतःची दाढ किडलेली, म्हणून एका बाजूनं चावतेय! मला वाटायचं, मी भित्री आहे. हसता हसता रडू आलं आणि मग सगळंच बाहेर पडलं. काका, त्यांची गणिताची शिकवणी, लोटून घेतलेलं दार, आणि बाहेर शेजारणीला ‘भावजी किती जीव लावून शिकवतात’ म्हणून सांगणारी आई. मी अकरा वर्षांची होते. कुणी ‘अगं बाई’ केलं नाही. बसवर कंडक्टर असलेली एक दांडगी बाई आहे, ती एवढंच म्हणाली, “पुढच्या बुधवारी येणार ना? जागा धरते.” तीच नंतर अर्धी रजा टाकून माझ्याबरोबर दवाखान्यात आली. डॉक्टरला ठणकावलं, हिला आडवं करायचं नाही, बसवूनच काढा. दाढ निघाली एकदाची.

बरं वाटतं का, विचारशील. थकायला होतं, चिमे. घरी येऊन नुसती बसून राहते. सिस्टर म्हणतात, हा थकवा मनात चाललेल्या कामाचा आहे, आजाराचा नाही.

मी हट्टानं वसतिगृहात गेले तेव्हा तू पाच वर्षांची होतीस. ‘ताई मला टाकून गेली’ असं अजून म्हणतेस. खरं आहे. मी पळाले, आणि तुला तिथंच ठेवून पळाले. काकांची बदली त्यानंतर सहा महिन्यांनी झाली. त्या सहा महिन्यांबद्दल विचारायची मला कधी हिंमत झाली नाही. आजही विचारत नाही. तुला सांगायचं असेल तर ऐकायला मी आहे. सांगण्यासारखं काही नसलं तर माझ्याएवढं सुखी कुणी नाही.

तू म्हणालीस, काकू गेल्यापासून काकांचे हाल होतात, एक तारखेला त्यांना कायमचं आणतेय, मागची खोली देऊ, छोटीचा अभ्यासही घेतील. तुझी लेक नऊ वर्षांची आहे. काल बुधवारी सगळ्यांच्या देखत मी काकांना फोन लावला. कंडक्टरबाई माझा हात धरून बसली होती. म्हटलं, “मी चिमीला सगळं सांगणार आहे.” कसलं सगळं, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. म्हणाले, “इतकी वर्षं झाली. आता कशाला?” चिमे, त्यांना आणू नकोस. शनिवारी पहिल्या गाडीनं मी येतेय. तुझा विश्वास बसला नाही, तू दार उघडलं नाहीस, तरी पायरीवर बसून राहीन. या वेळी मी जाणार नाही.

तुझीच,
ताई