चप्पल आणि कुंकू

प्रिय सम्राट,

चारचौघांत ‘अहो’ आणि दोघांत ‘तू’, असं लग्नानंतर तूच ठरवलंस, म्हणून कागदावरही तू. फोन का नाही केलास, म्हणशील. काल दोनदा लावला होता की. दोन्ही वेळा ‘जेवलास का’ एवढंच विचारून ठेवला. तुझा आवाज ऐकला की धीर सुटतो. म्हणून हे पत्र. आकारामकाका संध्याकाळी दुधाची गाडी घेऊन कोल्हापूरला येतील, त्यांच्या हाती देतेय. चिकटवलेलं पाकीट बघून गालात हसतील. हसू देत.

संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी आरतीत मी पडले, तेव्हा तू घरीच होतास. शुद्धीवर आले तर माझ्या कपाळभर हळदकुंकू, आणि ज्यांच्या मी रोज पाया पडते त्या आत्या, तुझ्या आई, माझ्या पायांवर डोकं ठेवून. कुणीतरी चप्पल आणायला धावलं होतं, तर शेजारच्या तानाबाई ओरडल्या, “चप्पल नगो लावूस गं, देवी आलीया अंगात.” हे मला नंतर तुझ्या मोबाईलमधल्या व्हिडिओत ऐकू आलं. तू तो भक्तीनं काढला होतास. मी एकदाच बघितला आणि मोबाईल पालथा ठेवला. मी स्वतःला तसं कधीच बघितलं नव्हतं.

सम्राट, ती देवी नव्हती. मला बाराव्या वर्षापासून फिट येतात. मंगळवार पेठेतल्या घरी पहिली आली तेव्हा माझ्या अंगावर शाळेचे कपडे होते, आणि बाबांनी पायातली चप्पल काढून माझ्या नाकाशी धरली. पुढं दोन वर्षं चप्पल, कांदा आणि एका देवर्षीचा अंगारा. आई शिक्षिका, तरीही. शेवटी तिच्याच शाळेतल्या एक बाई मला हाताला धरून डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. गोळ्या सुरू झाल्या आणि नऊ वर्षं मी एकदाही पडले नाही. तुम्ही मला बघायला आलात त्या सकाळी आईनं शपथ घातली. “सांगितलंस तर कोण करून घेणार हाय तुला?” म्हणाली, आणि लग्नात सहा महिन्यांच्या गोळ्या पावडरच्या डब्यात भरून दिल्या. मी शपथ पाळली. तुला फसवलं. दुसरा शब्द शोधत नाही. दिवाळीत गोळ्या संपल्या. मलकापुरातला औषधवाला मामंजींच्या रोजच्या उठण्याबसण्यातला, त्याच्याकडून आणणार कशा? मग संक्रांतीनंतर जे व्हायचं तेच झालं.

खरं सांगू? गप्प बसायचा मोह झाला. ज्या दुखण्यासाठी माझ्याच घरी नाकाला चप्पल लागली, त्याला तुमच्याकडे कुंकू लागलं. आत्या मला आता भांड्यांना हात लावू देत नाहीत, पहिलं ताट मला वाढतात. देवी पुन्हा अंगात येईल म्हणून दर शुक्रवारी आरतीला गावातल्या बायका माझ्यासमोर येऊन बसतात. लाडावलेय मी. आणि फिट म्हटलं की हीच माणसं मला माहेरच्या एसटीत बसवून देतील, याची भीती वाटते. तुझीही वाटते.

पण काल त्यांच्यातल्याच बायडाबाई लेकीला, मोनाला घेऊन आल्या. नऊ वर्षांची पोर, तिलाही असंच होतं. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या चालू होत्या, त्या बायडाबाईंनी माझ्यावर भरवसा ठेवून आठ दिवसांपूर्वी बंद केल्या. मोनाची जीभ कडेला चावलेली होती. ती जागा मला चांगली ठाऊक आहे. मी म्हणाले, मावशी, गोळ्या आजच परत सुरू करा. तर त्या समजुतीनं हसल्या. “तुमचं नगो. शुक्रवारी अंगात आल्यावर देवी सांगल, तसं करीन.” शुद्धीतल्या माझ्या शब्दाला काही किंमतच नाही, सम्राट. आणि शुक्रवार परवावर आलाय. त्या पोरीला मधेच काही झालं तर ते माझ्या कपाळावरच्या कुंकवामुळं होईल.

म्हणून उद्या, गुरुवारी सकाळच्या एसटीनं मी कोल्हापूरला माझ्या जुन्या डॉक्टरांकडे येतेय. आत्यांना सांगितलंय, आईला बघायला जाते. त्यांच्याशी हे शेवटचं खोटं. डॉक्टर सगळ्यात आधी विचारतात, पडल्यावर नेमकं काय होतं? मला ते आजवर सांगता आलेलं नाही, कारण तेवढा वेळ मी नसतेच. तू होतास. तो व्हिडिओ पुसला नसशील तर घेऊन ये आणि त्यांना दाखव. मग परवा तोच बायडाबाईंना दाखवू, माझ्या गोळ्यांच्या पाकिटासकट. तू आला नाहीस तरी शुक्रवारी मी त्या बायकांसमोर बसणार, आणि शुद्धीत सांगणार. त्यानंतर कुठल्या घरी जायचं, ते मात्र मला ठाऊक नाही. अकरा वाजता दवाखान्याच्या दारात असेन, पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. फोनवरून नंबर लावताना तिथल्या बाईंनी विचारलं, सोबत कोण येणार? मी तुझं नाव सांगून बसलेय.

अजून तरी तुझीच,
स्नेहल