चौऱ्याऐंशी नंबरचं घड्याळ

सोमवार, ४ मार्च

फिरवायचं यंत्र आज बंद पडलं. ऑटोमॅटिक घड्याळं दुरुस्तीनंतर आठ-दहा दिवस त्यावर गोल फिरत राहतात, तेव्हा कुठे कळतं वेळ नीट धरतायत की नाही. आम्ही गावाची यंत्रं सुधारणार आणि आमचंच आडवं पडलंय! भाग बाहेरून मागवावा लागेल म्हणे.

मालकीणबाईंनी बोलावून घेतलं. चौऱ्याऐंशी नंबर तुम्ही हातावर चालवा म्हणाल्या. दुकान ते घर, घर ते दुकान. समारंभ नाही, बाजार नाही, फोटो तर नाहीच. मी मान डोलावली. आयुष्यभर ही घड्याळं उघडून बसलोय, पोटातला एकेक स्क्रू ओळखीचा — पण स्वतःच्या मनगटावर असलं एकही कधी बांधलं नव्हतं.

चौऱ्याऐंशी कुणाचं ते मला ठाऊक नाही. आत आमच्या टेबलावर नाव येतच नाही, चिठ्ठीवर नुसता नंबर. नावं काउंटरवाली जाणे. तिने एवढंच सांगितलं की गिऱ्हाइकाने मुद्दाम बजावलंय, काम सगळ्यात जुन्या कारागिराच्याच हातून व्हायला हवं. ऐकून छाती फुगली. खोटं कशाला लिहू.

मंगळवार, ५ मार्च

बसमध्ये जीव मुठीत धरून उभा. आमच्या घरातलं सगळं सामान विकलं तरी याचा पट्टासुद्धा यायचा नाही. शर्टाची बाही बोटांपर्यंत ओढून घेतली. एक चेक्सचा शर्टवाला सारखा हाताकडे बघत होता. एक थांबा आधीच उतरलो — तोही उतरला! मी चाल वाढवली, त्यानेही वाढवली. शेवटी गाठलंच मला. किती वाजले, विचारत होता.

त्याला वेळ सांगताना बाही वर करावीच लागली. त्याने काटे पाहिले, घड्याळ पाहिलं नाही. आभार मानून गेला.

बुधवार, ६ मार्च

आज बाही दुमडली. नुसतं बघायला म्हणून, कोण ओळखतो ते.

कुणीही नाही! न्हाव्याने हात धरून बाजूला ठेवला, वाण्याने पिशवी हातात दिली, समोरच्या फ्लॅटमधला वकील लिफ्टमध्ये माझ्या कोपराला कोपर लावून उभा होता. ढिम्म. त्याच्या स्वतःच्या हातात बशीएवढं नकली घड्याळ, त्याचा सेकंदकाटा टकटक उड्या मारतो. माझा कसा लोण्यासारखा सरकतो. पण बघायला डोळा नको?

हिने मात्र रात्री जेवताना पाहिलं. म्हणाली, ते काढा आधी, आमटीत बुडेल.

राग आला. घड्याळ न दिसल्याचा की मी न दिसल्याचा, देव जाणे.

शुक्रवार, ८ मार्च

दिवसाला एक सेकंद पुढे. फारच सुंदर चालतंय. काम चोख झालंय, कुणी म्हणो न म्हणो.

रविवारी पोरीने पसंत केलेल्या मुलाच्या घरी जायचंय. दोघांचं आपापसात ठरलेलंच आहे, आता आईबापांची भेट. पोरीने आत्तापासून बजावलंय — बाबा, साधे या, आणि कुणाशी वाद घालू नका. मी काय भांडखोर आहे?

रविवार, १० मार्च

काय करून बसलो मी!

क्रमाने लिहितो. निघताना ही म्हणाली, घड्याळ कपाटात ठेवा. मी म्हटलं, काढलं तर चाचणी मोडेल. मोडणार नव्हती. हातातून काढून दीड दिवस ठेवलं तरी चालत राहतं ते. मला घालून जायचं होतं, बस.

त्यांचं घर मोठं, शांत. आवाज पायपुसण्यातच जिरतात. मुलाचे वडील कमी बोलणारे, बघणारे जास्त. माझी सवय, मी आधी मनगट बघतो. त्यांच्या मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा उमटलेला, पण घड्याळ नव्हतं. मनात आलं, विकलं असेल बिचाऱ्याने, मोठ्या घरांचे वासे आतून पोकळ असतात कधी कधी.

सगळं बरं चाललं होतं. मग विहीणबाईंनी चहा ओतता ओतता विचारलं, घड्याळं दुरुस्त करता म्हणजे... सेल वगैरे बदलता का? त्यांच्या मनात काही नसेल. पण माझं डोकं सटकलं. सेल! हात पुढे करून कप घेतला तो असा, की बाही आपसूक वर जावी.

आणि व्याह्यांनी पाहिलं. इतक्या दिवसांत ज्याने खरंच पाहिलं असा पहिला माणूस. कप बशीत ठेवला, पुढे वाकले, बराच वेळ बघत राहिले.

"सुंदर आहे," म्हणाले. "तुमचं स्वतःचं?"

नाही म्हणायचं होतं. गिऱ्हाइकाचं आहे, हातावर चालवतोय, एवढं एक वाक्य! तोंडातून आलं ते भलतंच.

"थोरल्या भावाने दिलंय. परदेशात असतो तो."

वर आणखी शहाणपणा पाजळला — भाऊ म्हणाला, आयुष्यभर दुसऱ्यांची हाताळलीस, एक स्वतःचं असू दे. विहीणबाई कौतुकाने हसल्या. व्याही म्हणाले, असा भाऊ मिळायला भाग्य लागतं. हिने पदराच्या टोकाशी चाळा सुरू केला. पोरगी खिडकीबाहेर बघत राहिली.

घरी चपला काढताना पोरीने एवढंच विचारलं.

"बाबा, घरातले थोरले तुम्हीच ना?"

सोमवार, ११ मार्च

पोरगी बोलत नाही. डबा न घेता कामावर गेली.

ही दिवसभर बोलते आहे. अहो, मुलीच्या सासरी कुणी शेखी मिरवतं का? उद्या लग्नात तो भाऊ कुठून उभा करणार? भाड्याने आणणार?

त्यांच्याकडून फोन नाही. रविवारी निघताना म्हणाले होते, उद्याच कळवतो.

मंगळवार, १२ मार्च

आजही फोन नाही. मुलाने पोरीला सांगितलं, बाबा काही बोलत नाहीत, नुसते स्वतःशीच हसतात. हसतात! याचा अर्थ काय लावायचा माणसाने?

संध्याकाळी पोरगी माझ्यासमोर येऊन बसली. डोळे लाल. आरडाओरडा केला असता तर परवडलं असतं.

"मी त्याला अजून काही सांगितलेलं नाही. तुम्ही सांगा त्यांना. खोट्यावर मी संसार मांडणार नाही, बाबा. मग मोडलं तरी चालेल."

चालेल म्हणताना तिचा आवाज फाटला. लहानपणी सायकलवरून पडली की अशीच म्हणायची, लागलं नाही. तिला तो मुलगा किती आवडतो ते मला माहीत आहे. माझ्या एका मनगटापायी हे सगळं! स्वतःची लाज वाटते.

बुधवार, १३ मार्च

सकाळी घड्याळाच्या पट्ट्यावर ओरखडा दिसला. तोंडचं पाणी पळालं. भिंग लावून पाहिलं, मऊ ब्रशने पुसलं — वाळलेला साबण होता. जीव भांड्यात पडला. तरी नंतर तासभर स्क्रू धरवेना, काम बाजूला ठेवलं.

जेवणाच्या सुट्टीत व्याह्यांना फोन लावला. वाजला. त्यांनी उचलला. मी ठेवून दिला! या वयात!

गुरुवार, १४ मार्च

चौऱ्याऐंशी आज परत केलं. चाचणी पूर्ण, वेळ अचूक. मालकीणबाई खूश. मनगट हलकं झालं, बाकी काहीच हलकं झालं नाही.

ठरवलंय. शनिवारी एकटाच त्यांच्या घरी जातो. दारातच सांगून टाकतो, आत बोलावतील न बोलावतील. पोरीला हे सांगितलं. तिने मान हलवली आणि माझ्या ताटात पोळी वाढली. चार दिवसांत पहिल्यांदा.

शुक्रवार, १५ मार्च

काउंटरवाली आत डोकावली — चौऱ्याऐंशीचे मालक आलेत, कारागिराला भेटायचं म्हणतात. हात पुसत बाहेर गेलो. समोर व्याही.

शेजारीच मालकीणबाई उभ्या. व्याह्यांनी घड्याळ मनगटावरच्या त्या पांढऱ्या पट्ट्यावर चढवलं, कानाशी नेलं. मुलीचे वडील इथे काम करतात असं मुलगा बोलला, म्हणून मुद्दाम इथे दिलं, म्हणाले. माणूस कसा आहे ते त्याच्या कामावरून कळतं.

आता गप्प बसलो असतो तर जन्मभर गप्प बसावं लागलं असतं. मालकीणबाईंसमोरच बोललो.

"मला थोरला भाऊ नाही. मीच थोरला. त्या दिवशी खोटं बोललो मी."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "हे तुम्ही कधी सांगता, त्याचीच वाट बघत होतो. रविवारी येतो आम्ही, तारीख ठरवायला." मग घड्याळावरून बाही खाली ओढली. "त्या भावाला मात्र बोलावू नका. फार महागाच्या भेटी देतो तो."

मालकीणबाई नुसत्या आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.